गॅस संपत नाही, गळतो!

मार्च संपत आला, पुण्यातली उन्हे चटका देऊ लागली, की गल्लोगल्ली एक वाक्य ऐकू येते : "एसीचा गॅस संपलाय, भरून घ्यायला हवा." स्वयंपाकाचा गॅस संपतो, स्कूटरचे पेट्रोल संपते, तसा एसीचा गॅसही संपत असणार, असे आपण धरून चालतो. मेकॅनिक येतो, नळीला घड्याळ लावतो, सिलिंडर जोडतो, पैसे घेऊन जातो. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच.

सिंहगड रस्त्यावरच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी आम्हांला विचारले, "संगणक कक्षातल्या दीड टनी इन्व्हर्टर एसीत आम्ही दोन वर्षांत तीनदा गॅस भरला. हा गॅस जातो तरी कुठे?" प्रश्न सरळ होता, पण उत्तर शोधताना बाष्पीभवनापासून वातावरणाच्या दाबापर्यंत बरीच प्रकरणे उघडावी लागली. नववी-दहावीची काही मुले आणि एक जाणकार मेकॅनिक यांच्यासोबत आम्ही एक अख्खी दुपार त्या यंत्राजवळ काढली. त्या दुपारी जे समजले ते इथे मांडत आहोत.

उष्णता उपसणारा पंप

माठातले पाणी गार कसे होते, हे आपण वर्गात शिकवतोच. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना अप्रकट उष्मा घेऊन जाते. माठ रोज भरावा लागतो, कारण उडालेली वाफ परत येत नाही. आता समजा, ती वाफ आपण पकडली, दुसरीकडे नेऊन तिचे पुन्हा पाणी केले आणि ते माठात परत सोडले, तर? माठ एकदाच भरला की पुरे. एसीत नेमके हेच चालते. फक्त पाण्याऐवजी शीतक वापरतात आणि आपण त्यालाच 'गॅस' म्हणतो.

आजच्या बहुतेक घरगुती एसींमध्ये आर-३२ नावाचे शीतक असते. नेहमीच्या वातावरणाच्या दाबाला ते उणे ५२ अंश सेल्सिअसला उकळते. दाब वाढवला की उत्कलनबिंदूही वाढतो (प्रेशर कुकर आठवावा). वातावरणाच्या सुमारे साडेनऊपट दाबाला आर-३२ उकळते ५ अंशांना, तर सुमारे अठ्ठावीसपट दाबाला ४५ अंशांना. म्हणजे खोलीतल्या नळ्यांत दाब कमी ठेवला तर ते ५ अंशांना उकळत खोलीतली उष्णता शोषून घेईल. तीच वाफ कॉम्प्रेसरने दाबून बाहेरच्या नळ्यांत सोडली, तर बाहेर ३८ अंशांचे ऊन असले तरी ४५ अंशांची वाफ त्या 'गार' हवेला उष्णता देऊन द्रव होईल. हा द्रव एका बारीक वाटेने, म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून, पुन्हा कमी दाबात सोडायचा. वर्तुळ पूर्ण झाले. विहिरीवरचा पंप पाणी निर्माण करत नाही, खालचे वर नेतो. तसा हा पंप उष्णता आतून बाहेर नेतो.

हीच वाट उलटी केली तर? बाहेरच्या हवेतली उष्णता आत येईल. गरम-थंड एसीत यासाठी एक चारतोंडी व्हॉल्व्ह असतो. तो फिरला की आतले युनिट गरम होते आणि बाहेरचे गार. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ सालीच, इमारती गरम किंवा गार करण्यासाठी अशी उलटसुलट चालणारी योजना मांडली होती. पुण्यात खोली गरम करायची वेळ फारशी येत नाही, पण पाणी तापवण्यासाठी उष्णता-पंप हॉटेलांत आणि वसतिगृहांत दिसतात. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे १६७५ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ अर्धे युनिट उष्णता लागते. साध्या गीझरला तेवढीच वीज लागेल. दर एककाला तीन एकक उष्णता देणाऱ्या पंपाला त्याच्या तिसरा हिस्सा पुरते, कारण उरलेली उष्णता तो बाहेरच्या हवेतून 'उपसतो'. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कुठेही मोडत नाही. हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे.

जाता जाता 'टना'विषयी. दीड टनी एसीचे वजन दीड टन नसते. २००० पौंड, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला ज्या वेगाने उष्णता द्यावी लागते, तो वेग म्हणजे एक टन. बर्फाचा अप्रकट उष्मा दर किलोला ३३४ किलोज्यूल धरून भागाकार केला की साडेतीन किलोवॉट येतात.

पहाटे आणि दुपारी

पुण्याच्या एप्रिलचे वैशिष्ट्य असे, की दुपारी पारा ३८-३९ ला टेकतो आणि पहाटे २०-२२ वर उतरतो. म्हणजे यंत्राला दुपारी जेवढी उष्णता उपसायची असते, तिच्या निम्मीही रात्री नसते. जुना एसी मात्र एकाच वेगाने चालत असे. खोली गार झाली की बंद, तापली की पुन्हा सुरू. दर वेळी सुरू होताना त्याची मोटर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढी आणि घरातले दिवे क्षणभर मंदावत.

इन्व्हर्टर एसीत हा प्रश्न मुळातूनच सोडवला आहे. घरात येणारा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा प्रवाह आधी एकदिश करतात (२३० ला २ च्या वर्गमुळाने गुणले की ३२५ व्होल्ट येतात) आणि मग त्यापासून हवी ती वारंवारता असलेला तीन फेजचा प्रवाह पुन्हा तयार करतात. वारंवारता कमी केली की कॉम्प्रेसर सावकाश फिरतो, वाढवली की जोरात. असे यंत्र जपानमध्ये तोशिबाने १९८०-८१ मध्ये आणले. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे 'इन्व्हर्टर' म्हणजे बॅटरीचा डबा असा अर्थ रुळला आणि त्यामुळे हा एसी वीज गेल्यावरही चालतो असे समजणारे ग्राहक आम्हांला अजून भेटतात. तसे काही नाही. उलट, वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरांमध्ये ते ३२५ व्होल्ट काही मिनिटे टिकून राहतात, म्हणून झाकण उघडायची घाई जिवावर बेतू शकते.

सावकाश चालवण्यात आणखी एक फायदा लपलेला आहे. कॉम्प्रेसरचा वेग निम्मा केला तरी नळ्यांची जाळी तेवढीच मोठी राहते. थोडीच उष्णता मोठ्या पृष्ठभागावरून जायची असल्याने तापमानांतला फरक कमी पुरतो. समजा पूर्ण वेगाला आतली नळी १० अंशांवर आणि बाहेरची ५० अंशांवर आहे. कार्नोच्या सूत्राने आदर्श गुणांक येतो २८३ भागिले ४०, म्हणजे सुमारे ७. निम्म्या वेगाला त्या १४ आणि ४४ अंशांवर आल्या, तर २८७ भागिले ३०, म्हणजे साडेनऊहून जास्त. प्रत्यक्ष यंत्र याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळते, पण सुधारणा खरी असते. २०१८ पासून आपल्याकडे एसीचे तारे वर्षभरातल्या कमी-जास्त तापमानांचा हिशेब धरून दिले जातात, ते याचसाठी.

नळ्या जोडल्यावर

कारखान्यातून येताना शीतक बाहेरच्या युनिटमध्ये कोंडलेले असते. घरी तांब्याच्या दोन नळ्यांनी आतले युनिट जोडतात. या नळ्यांत आणि आतल्या युनिटमध्ये हवा असते आणि हवेत बाष्प. हवा बाहेरच्या नळ्यांत जाऊन बसते, द्रव होत नाही आणि दाब उगीचच वाढवते. बाष्प तेलात मिसळून आम्ल तयार करते किंवा व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठते. म्हणून आधी कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांधे साबणाच्या फेसाने तपासायचे, मग व्हॅक्यूम पंप लावायचा आणि शेवटी बाहेरच्या युनिटच्या चाव्या खोलायच्या.

अनेक ठिकाणी ही पायरी गाळतात. चावी किंचित खोलून शीतकाच्याच झोताने हवा 'फुसकन' बाहेर काढतात. दोन मिनिटांत काम होते, पण नळीच्या भिंतीला चिकटलेला ओलावा फुंकरीने जात नाही. तो उकळून काढावा लागतो, आणि उकळायचा तर तापमान वाढवण्याऐवजी दाब उतरवायचा. वर्गात हे असे दाखवता येते : सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये थोडे ६०-७० अंशांचे पाणी घ्या, हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी बुडबुडे सोडत उकळू लागते. २५ अंशांचे पाणी उकळवायला दाब पाऱ्याच्या २४ मिलिमीटरपर्यंत उतरवावा लागतो. चांगला मेकॅनिक अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातो, पंप बंद करतो आणि दाब वर चढत नाही ना हे पाहत काही वेळ थांबतो. चढला, तर कुठेतरी गळती किंवा ओलावा आहे.

इथे एक खास पुणेरी गोम आहे. मेकॅनिकच्या घड्याळावर निर्वात म्हणजे ३० इंच असे लिहिलेले असते. ते समुद्रसपाटीचे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथल्या हवेचा दाब पाऱ्याचा ७६० मिलिमीटर नसून ७१० च्या आसपास, म्हणजे २८ इंच असतो. घड्याळाचा काटा पुण्यात शून्यावर लावलेला असेल, तर संपूर्ण निर्वातातही तो २८ इंचांशीच थांबणार. आमच्यासमोर मेकॅनिकच्या मदतनिसाने पंप बिघडल्याची तक्रार केली, तेव्हा दहावीतल्या एका मुलीने हा हिशेब पाटीवर मांडून दाखवला. आणि काटा २८ वर आला तरी काम झाले असे नाही, कारण अर्धा मिलिमीटर आणि पाच मिलिमीटर यांतला फरक त्या काट्याला कळतच नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम गेज लागतो.

किती भरायचा?

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. बाहेरच्या युनिटची पाठ पुसून पाहिली, तर जाड नळीच्या नटाखाली तेलकट, धूळ बसलेला डाग होता. शीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही नळ्यांतून फिरत असते, म्हणून जिथे गॅस गळतो तिथे तेल उमटते. साबणाचा फेस लावला आणि एकेक बुडबुडा सावकाश फुगू लागला. दोन वर्षांतला गॅस इथून गेला होता. तिन्ही वेळा भरणाऱ्यांनी हा नट पाहिला नव्हता.

पण गळती एवढीच गोष्ट असती, तर तीन फेऱ्या झाल्या नसत्या. बाईंनी नोंदवहीत तारीख आणि वेळ लिहिली होती, त्यामुळे पुढचे कोडे सुटले. पहिली भरणी मार्चमधल्या एका सकाळी नऊ वाजता झाली. खोली गारच होती, इन्व्हर्टर मंद वेगाने चालला होता. कॉम्प्रेसर सावकाश चालला की तो वाफ कमी ओढतो, त्यामुळे ओढीच्या बाजूचा दाब चढा राहतो. घड्याळाने सुमारे १५० पीएसआय दाखवले आणि मेकॅनिकने 'भरला' म्हणून सिलिंडर बंद केला. प्रत्यक्षात गॅस कमीच होता. एप्रिलच्या दुपारी, पूर्ण क्षमतेची गरज पडली तेव्हा एसी हरला.

दुसरी भरणी दुपारी तीनला झाली. आता कॉम्प्रेसर पूर्ण वेगात होता आणि ओढीचा दाब साहजिकच खाली होता. दुसऱ्या मेकॅनिकला काटा १५० वरच हवा होता, म्हणून तो गॅस सोडत राहिला. जास्तीचा द्रव बाहेरच्या जाळीत साठला, वाफेला द्रव व्हायला जागा उरली नाही, दाब चढला आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वारंवार बंद पडू लागले. तेव्हा त्यातला काही गॅस हवेत सोडून दिला. मग नटाची गळती उरलेला खात राहिली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिसरी भरणी झाली.

यात मेकॅनिकांना नुसते दोष देऊन भागणार नाही. आर-२२ वर चालणाऱ्या एकवेगी एसीत 'साठ-सत्तर पीएसआयला थांब' हा ठोकताळा खरोखर चाले, कारण आर-२२ ला ५ अंशांवर उकळवणारा दाब घड्याळावर ७० च्या आसपासच दिसतो आणि कॉम्प्रेसरचा वेग ठरलेला असतो. त्यांचे कौशल्य त्या यंत्रावर घडले. यंत्र बदलले, शिकवायला कोणी आले नाही.

इन्व्हर्टर एसीत आणखी एक अडचण आहे. अनेक यंत्रांतला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आता विजेवर चालतो आणि परिस्थिती पाहून स्वतःचे तोंड लहान-मोठे करतो. गॅस थोडा कमी असला तर तो जास्त उघडतो, थोडा जास्त असला तर आवळतो. यंत्र आपली उणीव असे झाकत असते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही भागेनासे झाले की एकदम उघडे पडते. म्हणून निर्माते एक चाचणी-पद्धत ठेवतात. ती चालू केली की कॉम्प्रेसर एका ठरलेल्या वेगाने फिरतो आणि मगच दाब व तापमानाच्या आकड्यांना काही अर्थ येतो. तरीही तो तपास झाला. माप नव्हे.

माप एकच, तराजू. युनिटच्या पाटीवर शीतकाचे नाव आणि वजन छापलेले असते. बाईंच्या यंत्रावर ७८० ग्रॅम होते, पाच मीटर नळीपुरते. त्यापुढे दर मीटरला २० ग्रॅम वाढवायचे. शाळेत नळी होती नऊ मीटर, म्हणजे ८० ग्रॅम जास्त. हे ८० ग्रॅम यंत्र बसवले त्या दिवसापासूनच कोणी घातले नव्हते! मेकॅनिकने उरलेला गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. तो भरला ४३० ग्रॅम, म्हणजे लागणाऱ्या गॅसच्या बरोबर निम्मा. नळीचे तोंड कापून नव्याने पसरवले, नट टॉर्क पान्याने आवळला, नायट्रोजन, फेस, व्हॅक्यूम असे सगळे सोपस्कार केले आणि सिलिंडर तराजूवर ठेवून ८६० ग्रॅम मोजून आत सोडले. भरायला काही मिनिटे, आधीच्या तयारीला अडीच तास. 'वर थोडा टाकून देतो' या पद्धतीत हे अडीच तासच वाचवलेले असतात. शिवाय यंत्रात किती उरला आहे हे माहीत नसताना वर किती टाकायचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. आर-४१०ए सारखे दोन शीतकांचे मिश्रण असेल, तर ते सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावे लागते, नाहीतर प्रमाण बिघडते.

गळलेल्याचा हिशेब

एक किलो आर-४१०ए हवेत सोडले, तर तापमानवाढीवर त्याचा शंभर वर्षांतला परिणाम सुमारे २१०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. एक लिटर पेट्रोल जाळून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर धरली, तर हे जवळजवळ ४१,००० किलोमीटर झाले. विषुववृत्तावरून पृथ्वीप्रदक्षिणा! आर-३२ चा आकडा ६७५ आहे, म्हणजे १३,००० किलोमीटर. आर-२२ तर ओझोनच्या थरालाही हानी पोचवतो, आणि माँट्रिअल करारानुसार २०३० पर्यंत तो आपल्याकडून जवळजवळ पूर्ण हद्दपार व्हायचा आहे.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागणाऱ्या शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने आर-२९० वर चालणारे एसी बनवले आणि २०१२ मध्ये ते बाजारात आले. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. तापमानवाढीचा त्याचा आकडा अगदी नगण्य आहे. पण तो पेटतो. दीड टनी यंत्रात तो चारशे ग्रॅमहून कमी असतो. साडेतीनशे ग्रॅम धरू. रेणुभार ४४, म्हणजे सुमारे ८ मोल, पुण्याच्या दाबाला साधारण २०० लिटर वायू. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंच खोलीत ३४,००० लिटर हवा असते. सारखा पसरला तर प्रमाण ०.६ टक्के, आणि पेट घ्यायला लागतात २.१ टक्के. हायसे वाटले ना? पण प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्यामुळे हा 'सारखा पसरला तर' फार महत्त्वाचा. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, तसा याला नसतो. आणि म्हणून स्वयंपाकाचाच गॅस एसीत भरायचा जुगाड कोणी सुचवला, तर ऐकू नये. तो ब्युटेन मिसळलेला, ओलसर आणि यंत्राच्या मापात न बसणारा असतो. आर-३२ सहजी पेटत नाही, पण तोही अगदी न पेटणारा नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि शेजारी वेल्डिंग चालू नसावे.

भाड्याचे घर बदलताना एसी काढावा लागतो, ते काम पुण्यात सतत चालू असते. तेव्हा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये परत कोंडण्यासाठी बारीक नळीची चावी बंद करून कॉम्प्रेसर चालवतात, मग जाड नळीची चावी बंद करून यंत्र थांबवतात. क्रम महत्त्वाचा. कॉम्प्रेसर चालू असतानाच कोणी नट सैल केला, तर तो बाहेरची हवा ओढतो. आत तेल आहे, हवा आली, आणि दोन्ही जोरात दाबली जात आहेत. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटते ते असेच. अशा स्फोटांत कॉम्प्रेसर फुटून माणसे गेलेली आहेत. आमच्या मेकॅनिकने हे सांगितले तेव्हा मदतनीस आश्चर्याने पाहत राहिला. चार वर्षे तो हे काम करत होता आणि त्याला हे आजवर कोणी सांगितले नव्हते.

निघण्यापूर्वी मुलांनी आतल्या युनिटमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या हवेचे तापमान प्रयोगशाळेच्या तापमापकाने मोजले : ३१ आणि १९. मग एका जाड कागदावर 'आर-३२, ८६० ग्रॅम, नळी ९ मीटर' असे लिहून खाली तारीख टाकली, आणि तो प्लॅस्टिकमध्ये घालून युनिटच्या पाठीवर, त्या नटाच्या शेजारी चिकटवला.